ग्रॅम स्टेनचं चार बाटल्यांचं किट: रंग चोख, माहितीपत्रक घातक

ग्रॅम स्टेन म्हणजे जिवाणू रंगवून दोन गटांत ओळखायची पद्धत: जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जांभळे राहतात, पातळ भिंतीचे ग्रॅम-निगेटिव्ह गुलाबी होतात. किटमध्ये क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), ग्रॅमचं आयोडीन, डिकलरायझर (रंग धुणारं द्रावण) आणि सॅफ्रानिन (गुलाबी रंग), प्रत्येकी १०० मिली. टोप्यांना ड्रॉपर आहेत, त्यामुळे स्लाइडवर हवं तेवढंच पडतं.

क्रिस्टल व्हायोलेट उत्तम. एका मिनिटात स्मिअर (स्लाइडवर पसरलेला नमुना) गडद होतो आणि बाटलीच्या तळाशी स्फटिक बसलेले नाहीत. स्फटिक असले की ते सूक्ष्मदर्शकाखाली काळपट जांभळे ठिपके होऊन दिसतात, आणि नवखे विद्यार्थी त्यांना कोकाय (गोल जिवाणू) समजतात. कधी आढळलेच तर रंग फिल्टर पेपरमधून गाळून घ्यावा.

आयोडीनही एक मिनिट. मात्र त्याला तपकिरी बाटली हवी होती, इथे पारदर्शक प्लॅस्टिक आहे. द्रावण फिकट पिवळं पडलं की आयोडीन कमी झालं, पेशीत रंग धरून ठेवणारं संयुग नीट बनत नाही आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसू लागतात.

खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. डिकलरायझर ॲसिटोन-अल्कोहोलचा, आणि वेळ छापली आहे ३० सेकंद! तेवढ्यात जाड भिंतीच्या जिवाणूंचाही रंग धुऊन जाईल. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडावा, खालच्या कडेने गळणारा थेंब रंगहीन झाला की त्याच क्षणी पाणी. पातळ स्मिअरला पाचेक सेकंद पुरतात. जाड स्मिअरमध्ये उलटी फसगत होते: गठ्ठ्यांत जांभळा अडकतो आणि ग्रॅम-निगेटिव्ह ई. कोलायसुद्धा पॉझिटिव्ह वाटतो. म्हणून रंगवण्याआधी वाळलेल्या स्मिअरमधून खालची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग तो ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवायचा. स्लाइड हाताच्या पाठीला लावून चटका बसला तर स्मिअर जास्त तापला, पेशी विद्रूप होणार. डिकलरायझर चटकन पेट घेतो हे पत्रकात कुठेच नाही, म्हणून बर्नर आधी विझवावा.

सॅफ्रानिन ४५ सेकंद, तक्रार नाही.

किटमध्ये कंट्रोल स्लाइड (निकाल आधीच माहीत असलेली, तुलनेसाठीची) द्यायला हवी होती. ती नसल्यामुळे एकाच स्लाइडवर तीन स्मिअर करावेत: एका टोकाला ग्रॅम-पॉझिटिव्ह बॅसिलस सबटिलिस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय, मध्ये तपासायचा नमुना. कल्चर (वाढवलेले जिवाणू) १८ ते २४ तासांचंच घ्यावं. शिळं झालं की बॅसिलसच्या भिंती कमकुवत होतात आणि जांभळ्या दंडगोलांमध्ये गुलाबी मिसळलेले दिसतात. दोन्ही टोकं आपापल्या रंगात आली नाहीत, तर मधल्या स्मिअरचा निकाल नोंदवू नये.