जुने लेख काढून रँकिंग वाढवून देतो म्हणणाऱ्यांनी आमची वेबसाइट कशी लुटली

ज्यांची वेबसाइट बरीच वर्षं चालू आहे आणि ज्यांना 'तुमचा जुना कंटेंट साइटला खाली खेचतोय' असा मेल किंवा फोन आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हाला हेच सांगणाऱ्या एका एसइओ (साइट सर्चमध्ये वर आणण्याचं काम करणाऱ्या) एजन्सीने जुन्या लेखांच्या साफसफाईचे पैसे घेतले, चांगले चालणारे लेख काढून टाकले आणि त्यातल्या सर्वांत मोलाच्या पत्त्यांवर येणारे वाचक परस्पर दुसऱ्या साइटकडे वळवले. तक्रार अजून चालू असल्यामुळे एजन्सीचं नाव इथे देत नाही. पद्धत मात्र पूर्ण सांगते, कारण ती ओळखता आली तर पुढचं नुकसान टळेल.

आमची साइट शिलाई मशीनच्या दुरुस्तीची आहे. बाबांनी आयुष्यभर हेच काम केलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. टाके का सुटतात, खालून दोऱ्याचा गुंता का होतो, मशीन जड का चालते, असे साधे पण अडलेल्या माणसाला लगेच लागणारे विषय. वर्षानुवर्षं लिहिलं की काही पानं निरुपयोगी होतातच. कधीच्या होऊन गेलेल्या शिबिराची सूचना, दोन ओळींची नोंद, एकाच दोषावर वेगवेगळ्या वेळी लिहिलेले दोन लेख, असं बरंच साठलं होतं. त्यामुळे कोणतं पान सुधारायचं आणि कोणतं काढायचं, हा प्रश्न खरा होता. अशा वेळी कोणी तयार उत्तर घेऊन आलं की ते पटतं.

पहिल्या भेटीत त्यांनी एक रिपोर्ट दाखवला. त्यात आमच्या साइटचा 'कंटेंट स्कोअर' लाल रंगात होता. असे स्कोअर खाजगी टूल्स आपापल्या हिशोबाने काढतात, गूगल ते वापरत नाही. सोबत दोन कारणं सांगितली. गूगलला जुना मजकूर आवडत नाही हे पहिलं, आणि जुन्या पानांमुळे तुमचं 'क्रॉल बजेट', म्हणजे गूगल तुमच्या साइटची पानं तपासायला देतं तो वेळ, वाया जातं हे दुसरं. दोन्ही गोष्टी कशा खोट्या आहेत ते सांगते, कारण हीच दोन वाक्यं तुम्हालाही ऐकवली जातील.

क्रॉल बजेटबद्दल गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. ज्यांची दहा लाखांहून जास्त पानं आहेत आणि साधारण आठवड्याला बदलतात, किंवा दहा हजारांहून जास्त पानं रोजच्या रोज बदलतात, अशा साइट्सनी त्याचा विचार करावा. आमच्यासारख्या साइटचा त्यात संबंधच येत नाही. जुन्या मजकुराचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये सीनेट या मोठ्या तंत्रज्ञान साइटने एसइओसाठी हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती. त्याच सुमारास गूगलच्या सर्च लायझन (सर्चबद्दल लोकांशी बोलणाऱ्या) खात्यावरून स्पष्ट सांगितलं गेलं की गूगलला 'जुना' मजकूर आवडत नाही म्हणून तो काढत असाल, तर असं काही नसतं. साइट ताजी दिसावी म्हणून भराभर जुनी पानं काढून काही उपयोग होत नाही, हे गूगलच्या लिखित मार्गदर्शनातही आहे. मजकूर न बदलता नुसती तारीख बदलण्याबद्दलही तिथे इशारा दिलाय.

मग आली एक्सेल शीट. प्रत्येक पानापुढे 'डिलीट' किंवा 'इम्प्रूव्ह' लिहिलेलं. 'आहे तसं राहू द्या' असा पर्यायच त्या शीटमध्ये नव्हता. काढायचा दर पानामागे वेगळा, सुधारायचा वेगळा. म्हणजे शीटमधल्या प्रत्येक ओळीचे त्यांना पैसे मिळणार होते आणि हात न लावलेल्या पानाचे मिळणार नव्हते. अशा माणसाकडून 'हे पान उत्तम आहे, राहू द्या' हे ऐकायला मिळणं शक्यच नव्हतं.

शीटमधल्या क्लिक्सच्या रकान्यात खरी मेख होती. टाके सुटण्यावरच्या लेखापुढे शून्य लिहिलं होतं आणि शेजारी 'डिलीट'. हा बाबांचा सर्वांत जुना लेख. सुई उलटी बसली असेल, पूर्ण वर गेली नसेल, टोक वाकलं असेल किंवा ताणल्या जाणाऱ्या कापडाला साधी सुई लावली असेल, तर टाके सुटतात. मशीन उघडण्याआधी सुई बदलून बघा, एवढंच त्यात सांगितलंय. शिवण शिकवणाऱ्या अनेकांनी आपापल्या साइटवरून या लेखाला लिंक दिलीय. आपली साइट सर्चमध्ये कशी चालते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये जाऊन मी कालावधी बदलून बघितला तेव्हा कळलं, शीटमधले आकडे फक्त एका आठवड्याचे होते. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती दाखवतं. त्या पूर्ण काळात हा लेख आमच्या बऱ्यापैकी वाचल्या जाणाऱ्या पानांत होता. शाळेच्या गणवेशाचे किंवा सणासुदीचे लेख तर वर्षात काही आठवडेच चालतात. त्यांच्या बंद हंगामातला आठवडा निवडला की प्रत्येक लेख मेलेलाच दिसणार. कालावधीचा उल्लेख शीटमध्ये कुठेही नव्हता, आणि तो चुकून राहिला असं मी मानत नाही.

हे मला समजेपर्यंत त्यांचं काम उरकलेलं होतं. 'सुधारलेल्या' पानांवर तारीख आजची झाली होती आणि वर शिलाई मशीनच्या महत्त्वावर दोन-तीन पोकळ परिच्छेद चढवले होते. एका लेखात बाबांनी सांगितलं होतं की बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू एका वेळी अगदी किंचित फिरवायचा आणि प्रत्येक वेळी चिंधीवर शिवून बघायचं. तिथे आता 'स्क्रू घट्ट आवळावा' असं आलं होतं. तसं कोणी केलं तर खालचा दोरा तुटत राहील. बाबांच्या नावाखाली हे वाक्य छापलं गेलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला.

पुढच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं हिरवंगार. 'सरासरी स्थान' झपाट्याने सुधारल्याचा आलेख पहिल्याच पानावर होता. ही चलाखी नीट समजून घ्या. समजा एक पान सर्चमध्ये हजार वेळा पाचव्या स्थानावर दिसतं आणि दुसरं हजार वेळा पंचेचाळिसाव्या. दोन्हींची सरासरी पंचवीस. दुसरं पान काढून टाकलं की सरासरी एकदम पाच. वर्गातल्या कच्च्या मुलांची नावं पटावरून कमी केली की वर्गाची सरासरी वाढते, पण एकाही मुलाला एक गुण जास्त मिळालेला नसतो, तसाच हा प्रकार. आमचे एकूण क्लिक्स त्याच काळात घसरले होते आणि तो आलेख रिपोर्टमध्ये घातलाच नव्हता. रिपोर्टमध्ये फक्त सरासरी स्थान असेल तर एकूण क्लिक्सचा आकडा मागा, आणि तोही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून.

खरी चोरी उघडकीस आली ती एका वाचक ताईंच्या मेलमुळे. त्यांच्या साइटवरून आमच्या टाक्यांच्या लेखावर क्लिक केलं, तर मशीनचे सुटे भाग विकणारं भलतंच दुकान उघडतं, असं त्यांनी कळवलं. मी करून बघितलं. खरंच ते दुकान उघडलं. मग रीडायरेक्टची, म्हणजे कोणता पत्ता कुठे वळवलाय याची, यादी काढली. काढलेल्या बहुतेक पानांचे पत्ते सरसकट होम पेजकडे वळवले होते, जे स्वतःच चुकीचं आहे, कारण संबंध नसलेल्या होम पेजकडे वळवलेलं पान गूगल सहसा 'सॉफ्ट ४०४' म्हणजे नसल्यासारखंच धरतं. पण ज्या पानांना बाहेरून लिंक्स होत्या, नेमकी तीच पानं वेगळी काढून ३०१ रीडायरेक्टने त्या दुकानाच्या साइटकडे वळवली होती. ३०१ म्हणजे 'हे पान कायमचं या नव्या पत्त्यावर गेलंय' असं सर्च इंजिनला सांगणं. इतक्या वर्षांत आमच्या लेखांनी लोकांचा जो विश्वास मिळवला, तो तिसऱ्याच्या नावावर करून दिला गेला. त्या साइटवर शोधलं तर आमचे दोन लेख जवळजवळ शब्दशः सापडले, फोटोतले बाबांचे हातसुद्धा.

विचारल्यावर आधी 'मॅडम, सर्व्हरचा एरर असेल' असं उत्तर आलं. नंतर 'एसइओला वेळ लागतो, सहा महिने धीर धरा.' नंतर फोन उचलणंच बंद.

तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालण्याआधी पुरावा जमवा. रीडायरेक्टच्या यादीचे, एक्सेल शीटचे, सर्च कन्सोलचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. मगच त्यांचा अॅक्सेस काढा. तो काढताना एक गोष्ट हमखास राहून जाते. सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून त्यांनी पडताळणी केली असेल, तर त्यांची एचटीएमएल फाइल किंवा मेटा टॅग साइटवर शिल्लक राहतो. तो काढला नाही तर नाव हटवल्यावरही ते पुन्हा मालक होऊ शकतात. आमच्या साइटवर तो टॅग होताच. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्याच्या ट्रॅशवर भरवसा ठेवू नका, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ३० दिवसांनी रिकामा होतो. आमचे बहुतेक लेख होस्टिंगच्या बॅकअपमधून मिळाले. जे तिथे नव्हते ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, सापडले. प्रत्येक लेख त्याच्या जुन्याच पत्त्यावर परत ठेवला आणि रीडायरेक्ट काढले. काही लेख सर्चमध्ये पुन्हा दिसू लागले, काही अजून नाही.

जुन्या पानांचा निर्णय आता आम्ही स्वतः घेतो, आणि त्याला कोणत्याही स्कोअरची गरज पडली नाही. पान उघडायचं, पूर्ण वाचायचं. सांगितलेलं आजही खरं आहे आणि कोणाच्या कामाचं आहे, तर ते राहतं, वाचक कमी असले तरी. खरं आहे पण अपुरं आहे, तर बाबांना विचारून भर घालायची, तारीख तेव्हाच बदलायची. एकाच दोषावरचे दोन लेख असतील तर एकात मिळवायचे आणि दुसऱ्याचा पत्ता त्या लेखाकडे वळवायचा. असं वळण गूगलच्या सल्ल्यानुसार किमान वर्षभर ठेवावं, आम्ही ते कायमच ठेवणार आहोत. शिबिराच्या जुन्या सूचना काढल्या, तिथे वळवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ४१० दिला, म्हणजे 'हे पान कायमचं काढलंय' असं सर्च इंजिनला सांगितलं. काम हळू होतं. पण ज्याला विषय कळतो त्यानेच हे करायला हवं, कारण बॉबिन केसचा स्क्रू किती फिरवायचा हे एक्सेल शीटला माहीत नसतं.

बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचंच असेल, तर 'पहिलं स्थान नक्की' म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलचंच म्हणणं आहे. काम सुरू होण्याआधी पूर्ण बॅकअप घेऊन तो त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. सर्च कन्सोलचा अॅक्सेस फक्त बघण्यापुरता द्या. पैसे पानामागे ठरवू नका. लेखी करारात स्पष्ट घाला की कोणताही पत्ता आपल्या डोमेनबाहेर वळवला जाणार नाही, आणि आपण पाहून होकार दिल्याशिवाय एकही पान हटणार नाही.

त्या दुकानाच्या साइटवरच्या दोन लेखांसाठी आम्ही गूगलकडे कॉपीराइटची तक्रार केली आहे, मूळ लेखांच्या तारखा आणि वेबॅक मशीनमधल्या नोंदी जोडून. दुकानाच्या होस्टिंग कंपनीलाही तेच पाठवलंय. बाबा सध्या 'सुधारलेली' पानं एकेक करून वाचतायत आणि घुसडलेल्या चुका मला सांगतायत.