एए मीटिंग, बेळगाव: शोधायला तीन आठवडे, बसायला दीड तास

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू बघणारे एकत्र बसून बोलतात ते. आधीच सांगतो, मीटिंगला पाच स्टार आणि मीटिंग शोधायच्या भानगडीला एक. मी खानापूरकडचा, नाव विचारू नका, तिथंपण कोण विचारत नाही.

नेटवर एका यादीत पत्ता मिळाला म्हणून रजा टाकून बेळगावला आलो तर शटर खाली, आणि शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतोय "ते लोक गेले की ओ कवाच". नंबर लावला तर स्विच ऑफ. आता त्या दिवशी पुढं काय झालं असेल ते प्यायलेल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडं बारचा पत्ता कधी कुणाला विचारावा लागत नाही. कर्नाटकात २००७ ला सारायीची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटं बंद झाली तेव्हा आमच्या गावातल्या बायकांना वाटलं सुटलो, आता नाईन्टीचं टेट्रा पॅक शर्टाच्या खिशात बसतंय, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा हायच.

मधे बायकोनं भिंतीवरची जाहिरात बघून पावडर आणली, "पेशंटला न सांगता जेवणात घाला" वाली. तीन हजार गेले. नंतर डॉक्टरनी सांगितलं की अशा पावडरीत काय असतं कुणाला ठाऊक, आणि डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असलं आणि वर माणूस प्याला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जिवावर बेततं. ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. त्याच डॉक्टरनी दुसरं पण बजावलं, रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम बंद करायची नाही, हात कापतात तिथवर ठीक, पण फिट येऊ शकते, भास होतात, म्हणून आधी दवाखाना मग मीटिंग. आणि मीटिंगचा खरा पत्ता पण त्यांच्याकडूनच मिळाला. (कुणीच नाही मिळालं तर नशामुक्तीची सरकारी लाईन आहे १४४४६, टोल फ्री.)

आता मीटिंग. पहिल्या दिवशी दारापाशी दोन चकरा मारल्या, आत गेलो तर सात खुर्च्या, भिंतीवर दारू सोडायच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, आणि तिसऱ्या खुर्चीत आमच्याच गल्लीतला माणूस! दोघांनी पण खाली बघितलं. बसच्या वाटेवर डोक्यात एकच, उद्या गावभर होणार. मग लख्ख पेटलं की हा माझं सांगणार कसं, सांगायचं तर स्वतः तिथं काय करत होता ते पण सांगायला लागणार की. आता आम्ही एकाच गाडीनं परत येतो, गावात मात्र नुसतं "काय, बरं?" एवढंच.

रजिस्टर नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा पाहिजे, बाकी अट नाही. शेवटी पिशवी फिरते, दहा-वीस जमेल ते टाकायचं, मला पहिल्या दिवशी टाकू दिलं नाही. बाहेरची देणगी हे लोक घेतच नाहीत, हे मला फार आवडलं कारण आपल्याकडं पैसे दिले की पहिला बोर्ड लागतो नावाचा. तिथल्या एका म्हाताऱ्या मामांनी सांगितलं की हे १९३५ ला अमेरिकेत अॅक्रन गावात सुरू झालं, एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघं पक्के दारुडे, एकमेकाशी बोलत बोलत सोबर राहिले. मुंबईत १९५७ ला आलं. म्हणजे माझ्या आज्ज्याला पण जाता आलं असतं, गेला नाही, शेत गेलं.

शेअरिंग, म्हणजे आपापलं सांगणं, कुठल्या पण भाषेत. एकजण कन्नडमधून बोलत बोलत रडला, त्याच्या नंतरचा मराठीत "माझं पण सेम" म्हणाला. बाहेर पाटीवरून आपली काय काय भांडणं होतात, आत मला अर्धं कन्नड कळलं नाही पण "हेंडती" आणि "साला" कळलं, बायको आणि कर्ज, तेवढं पुरलं. परमेश्वराचं नाव बरंच येतं, मला आधी खटकलं. मामा म्हणाले तुला जो समजतो तो, नसंल समजत तर हा ग्रुपच धर.

लक्ष्मीच्या यात्रेत माझी स्लिप झाली, म्हणजे परत प्यालो. मटण, पाव्हणे, मेव्हणा, तुम्हाला माहितीय. पुढच्या मीटिंगला जायला लाज वाटत होती, गेलो, कोण रागावलं नाही. एकानं एवढंच विचारलं, "दुपारचं जेवला होतास काय?" नव्हतो जेवलो. उपाशी, चिडलेला, एकटा, दमलेला, यातलं काय पण असलं की घसरतो म्हणे. आता दुपारचा डबा चुकवत नाही. परवा चार महिने झाले.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळं असतं, बायकोला सांगितलंय, ती म्हणते आधी सहा महिने काढून दाखवा.

तक्रार एकच, मीटिंग साडेआठला सुटते आणि नंतर खानापूरच्या गाडीसाठी धावपळ. आणि पंखा. कर्रकर्र आवाजात हळू बोलणाऱ्याचं काय ऐकू येत नाही. येणार असाल तर मागच्या दारानं या, पुढचं कुलूप असतंय, आणि खिडकीजवळची खुर्ची धरा.