आरोग्य-तंत्रज्ञानातील प्रॉडक्ट मॅनेजर : स्टार्टअप की जुनी कंपनी?

लातूरच्या माझ्या भाचीपुढे प्रॉडक्ट मॅनेजरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय आणि कोणासाठी बनवायचे हे ठरवणाऱ्याच्या, दोन नोकऱ्या आहेत : पुण्यातील आरोग्य-स्टार्टअप आणि रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी जुनी कंपनी. पगाराची शाश्वती कंपनीत अधिक. स्टार्टअपकडून पगाराच्या जोडीला मिळणारे समभाग विकता येतील तेव्हाच त्यांचे पैसे होतात, म्हणून ते मी हिशेबात धरत नाही. शिकण्याच्या बाबतीत मात्र स्टार्टअप सरस वाटते, कारण तेथे औंढ्यासारख्या गावच्या आरोग्य केंद्रात बसून, नेटवर्क गेल्यावर परिचारिका नोंद कशी करते, हे स्वतः पाहण्याची संधी लवकर मिळते. कंपनीत २०२१ च्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची (आरोग्याच्या नोंदी डिजिटल रूपात जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची) मानके आणि रुग्णाच्या संमतीची शिस्त अंगवळणी पडते, आणि तीही मला मोलाची वाटते. घरी कर्जाचा हप्ता असेल तर कंपनी बरी; वर्षभराची शिल्लक गाठीशी असेल तर स्टार्टअप.