कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण: पंप उचलायचा की गांधीलमाशी सोडायची?

कसाव्याचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या पिकाचे, शेंडे आखडले, पेरी तोकडी झाली, पानांचा गुच्छ होऊन त्यात पांढरा कापूस दिसला, की हात आधी पंपाकडे जातो. त्याआधी किड्याच्या अंगावरचं पीठ पुसून बघा. अंग गुलाबी असेल तर तो बहुधा कसाव्याचा पिठ्या ढेकूण. पिवळं असेल तर बहुधा पपईवरचा. अॅनागायरस लोपेझी ही ढेकणाला मारणारी गांधीलमाशी पहिल्यासाठीच आहे. दुसऱ्याला अॅसेरोफॅगस पपाये ही वेगळी गांधीलमाशी लागते.

ओळख चुकली की काय होतं ते आफ्रिकेने पाहिलंय. १९७०च्या दशकात ही कीड दक्षिण अमेरिकेतून तिथे पोचली. तिचे शत्रू शोधताना आधी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात हुबेहूब तशीच, पण वेगळी जात सापडली. तिच्यावरचे कीटक आफ्रिकेत रुजलेच नाहीत. खरी जात १९८१ मध्ये पॅराग्वेत मिळाली, तिथूनच माशी आली आणि त्याच वर्षी नायजेरियात सोडली गेली. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

फवारणीचा गुण एकच, परिणाम लगेच दिसतो. पण मेणचट आवरणामुळे आणि मुडपलेल्या पानांमुळे औषध किडीपर्यंत नीट पोचत नाही. ढेकणाच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, त्यामुळे थोड्या उरल्या तरी शेत पुन्हा भरतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या पिकात किती वेळा फवारणार?

गांधीलमाशी म्हटलं तरी ही दोनेक मिलिमीटरपेक्षा मोठी नसते आणि माणसाला डसत नाही. मादी ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, मागे उरते ती तपकिरी पोकळ ‘ममी’. मात्र जम बसायला वेळ लागतो. शिवाय कीड नाहीशी होत नाही, आटोक्यात राहते. एकही ढेकूण नको असेल त्याची निराशा होईल. हलक्या, वाळूच्या जमिनीत, आच्छादन नसेल तर माशीचा जोर आणखी कमी पडतो. ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्याही माशीला त्रास देतात.

थायलंडमध्ये २००८ला कीड आली, २००९ला पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधून माशी आणली. सोबत लागवडीआधी बेणं थायामेथोक्झाम या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवायचं. कोवळ्या रोपाला सुरुवातीचे काही आठवडे तेवढं पुरतं आणि उभ्या पिकावर फवारा मारावा लागत नाही. मला ही जोडी सरसकट फवारणीपेक्षा केव्हाही बरी वाटते. शेतात भोक पडलेल्या ममी आधीच दिसत असतील तर पंप घरीच ठेवा. माशी तुमच्याकडे आपणहून आलेली आहे.