जुन्या ट्रॅक्टरला कोणता मोअर जोडावा?

मोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचे गवत कापणीचे यंत्र, निवडताना बहुतेक जण आधी कापणीची रुंदी पाहतात. ट्रॅक्टर जुना असेल तर आधी पीटीओ, म्हणजे जोडलेल्या यंत्राला इंजिनाची शक्ती देणारा ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट, पाहावा. १९४७ ते १९५२ दरम्यान बनलेला फोर्ड ८एन घ्या किंवा त्याच पिढीतला फर्ग्युसन टीई२०, दोन्हींचा पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबला की तो इंजिनापासून सुटतो, पण ट्रॅक्टर गिअरमध्ये असेपर्यंत चाकांपासून सुटत नाही.

रोटरी स्लॅशरचा, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या जड पात्यांनी गवत-झुडपे तोडणाऱ्या मोअरचा, धोका नेमका इथे आहे. क्लच दाबल्यावरही त्याची जड पाती फिरत राहतात आणि तो जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. समोर कुंपण किंवा चर असेल, तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर वेळेत आवरेल याची खात्री नसते. म्हणून शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (शक्ती मोअरकडे जाऊ देणारा, पण उलटी येऊ न देणारा जोड) बसवल्याशिवाय स्लॅशर जोडूच नये, असे माझे ठाम मत आहे. ट्रॅक्टरचा मूळ पीटीओ शाफ्ट १ १/८ इंचाचा असेल, तर आजच्या १ ३/८ इंची जोडणीसाठी अडॅप्टर लागतोच. ओव्हररनिंग क्लचसह मिळणारा अडॅप्टर घेतला की दोन्ही गरजा भागतात. मात्र त्याने लांबी वाढते, त्यामुळे मोअर हळूहळू वर-खाली करून मोअरला जोडणारा सरकता शाफ्ट कुठे टेकत नाही ना, हे पाहावे आणि टेकत असल्यास तो मापात कापून घ्यावा. रुंदीचा विचार त्यानंतर: फुटामागे साधारण ५ अश्वशक्ती धरली, तर या ट्रॅक्टरांना ५ फूट ही वरची मर्यादा आहे, आणि झुडपांच्या जमिनीत ४ फूटच बरे.

वैरणीसाठी गवत कापायचे असेल, तर मी कटर बारच (कात्रीसारखी मागे-पुढे सरकणारी पाती असलेला मोअर) सुचवेन. तो फारशी शक्ती मागत नाही, गवताचा चुरा न करता ते आडवे पाडतो आणि त्यात मागून ढकलणारे जड चक्र नसते. पात्यांना धार नसली किंवा गवत ओले असले की तो तुंबतो, आणि झुडपांत त्याचे दाते मोडतात.

फ्लेल मोअर (आडव्या रोटरवर लोंबती छोटी पाती असलेला) दगड कमी उडवतो, म्हणून रस्त्याकडेच्या कामाला चांगला. पण त्याच रुंदीला तो अधिक शक्ती घेतो, वजनाने पुढची चाके हलकी करतो आणि त्याच्या रोटरलाही ओव्हररनिंग क्लच हवाच. फिनिश मोअर फक्त सपाट, नियमित कापल्या जाणाऱ्या हिरवळीसाठी घ्यावा.