पीएक्सई आणि प्रीसीडवर ४० मशीनची लॅब: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करणं म्हणजे पीएक्सई, आणि इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल म्हणजे प्रीसीड. आमची मांडणी साधी आहे. मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये ४० डेस्कटॉप, सगळ्यांवर डेबियन १२ लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ८ जीबी रॅमचं एक जुनं मशीन सर्व्हर म्हणून ठेवलंय. त्यावर डीएनएसमास्क (आयपी आणि बूट फाइल देणारा), एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवणारा कॅशर). लॅबचा व्हीलॅन, म्हणजे स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळा, त्यामुळे डीएचसीपी, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटण्याचं काम, आपल्याच हातात. कॉलेजच्या मुख्य नेटवर्कवर मात्र दुसरा डीएचसीपी कधीही उभा करू नका. तिथे डीएनएसमास्कचा प्रॉक्सी मोड वापरा, त्यात तो आयपी न वाटता फक्त बूटची माहिती देतो.

इतके महिने वापरल्यावर ठामपणे सांगतो, प्रीसीडची फाइल हा यातला सोपा भाग आहे. छळतात ते स्विच, बायोस आणि घड्याळ.

आधी स्विच. मशीन पीएक्सई-ई५१ (डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही) ही चूक दाखवून थांबतं आणि तीच केबल लॅपटॉपला लावली की नेट चालतं. बहुतेक जण केबल बदलत बसतात. दोष अनेकदा मॅनेज्ड स्विचवरच्या स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या सोयीचा, असतो. लिंक वर आली की पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच डेटा सोडतो. तोवर कार्डाने आयपी मागणं सोडून दिलेलं असतं. त्यात फर्मवेअरकडून आयपीएक्सई या जास्त क्षमतेच्या नेटवर्क बूटलोडरकडे आणि तिथून इन्स्टॉलरच्या कर्नलकडे कार्डाचा ताबा जातो, तेव्हा लिंक पुन्हा पडू शकते. म्हणून काही मशीन मेन्यूपर्यंत येतात आणि पुढे अडकतात. मशीनच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग, लावा. स्विच ते स्विच जोडणीवर लावू नका.

बूट फाइल डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनवरून ठरवायची: ० आला तर जुना बायोस, ७ आला तर ६४ बिटचं यूईएफआय. १७५ ऑप्शन दिसला तर समोर आयपीएक्सईच आहे, त्याला थेट स्क्रिप्टचा पत्ता द्या. ही अट विसरलात तर आयपीएक्सई स्वतःलाच पुन्हा पुन्हा उतरवत राहतं. स्वतः बिल्ड केलेलं आयपीएक्सई सिक्युअर बूटमध्ये (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालत नाही. तो चालूच ठेवायचा असेल तर डेबियनच्या नेटबूट संचातले सही केलेले शिम आणि ग्रब हे बूटलोडर वापरा.

सगळ्यात धोक्याची जागा पुढे आहे. बूट क्रमात नेटवर्क पहिलं असेल आणि मेन्यूतला डीफॉल्ट पर्याय इन्स्टॉलचा असेल, तर मशीन रीबूट झालं की डिस्क पुन्हा पुसली जाते. विद्यार्थ्यांचं काम त्यात जातं. म्हणून डीफॉल्ट नेहमी लोकल डिस्क. ज्या मशीनचं इन्स्टॉल करायचंय, फक्त त्याच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाच्या) नावाची स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवायची आणि प्रीसीडच्या लेट कमांडमधून (इन्स्टॉलच्या शेवटी चालणारी आज्ञा) सर्व्हरला कळवून ती काढून टाकायची.

प्रीसीडचा पत्ता कर्नलच्या ओळीत देताना ऑटो ट्रू आणि प्रायॉरिटी क्रिटिकल हे दोन्ही हवेतच. नाहीतर भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधीच, म्हणजे फाइल हाती येण्याआधीच, विचारले जातात. पार्टिशनचा भाग खरोखर किचकट आहे. डिस्कचं नाव एसडीए म्हणून ठोकून दिलंत तर एनव्हीएमई एसएसडीवाल्या मशीनवर, जिथे डिस्कचं नाव वेगळं असतं, इन्स्टॉल अडतं, आणि कुणाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर तोच एसडीए बनू शकतो. पार्टमनच्या, म्हणजे इन्स्टॉलरच्या पार्टिशन करणाऱ्या भागाच्या, अर्ली कमांडमध्ये आधी एनव्हीएमई आहे का ते तपासा, नसेल तरच एसडीए. जुन्या डिस्कवर एलव्हीएम (पार्टिशन लवचिक ठेवणारी व्यवस्था) असेल तर ते काढायची परवानगी वेगळ्या ओळीत द्यावी लागते. ही फाइल नेटवर्कवरचा कुणीही उघडून वाचू शकतो, तेव्हा पासवर्ड हॅश करूनच लिहा. तरी तो हॅशही उघडाच असतो, म्हणून पासवर्ड लांब ठेवा आणि नंतर बदला.

कॅशरचा फायदा हिशेबातच दिसतो. मशीनमागे दीड जीबी पॅकेजेस धरली तर ४० मशीनचे ६० जीबी होतात. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ८० मिनिटं. कॅशर असेल तर बाहेरून दीड जीबीच येतात. आधी एकच मशीन पूर्ण होऊ द्या, मग बाकीची सोडा. एचटीटीपीएसवरच्या रेपॉझिटरी मात्र कॅश होत नाहीत. आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एखादा दहा-शंभर एमबीपीएसचा स्वस्त स्विच मागच्या बाकांसाठी लावलेला असेल तर आधी तो काढा, त्याच्यामागची सगळी मशीन रखडतात.

आता घड्याळ. संध्याकाळी लॅबचा मेन स्विच बंद होतो, त्यामुळे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल रात्रभर एकटाच भार सांभाळतो. तो संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, अनेक बोर्डांवर नेटवर्क स्टॅक बंद होतो आणि तारीख काही वर्षं मागे जाते. मग ॲप्ट रिलीज फाइलची मुदत अजून सुरू झालेली नाही म्हणून नकार देतो. कॉलेजच्या फायरवॉलने यूडीपी १२३ (वेळ जुळवण्याचा पोर्ट) अडवलेला असेल तर बाहेरून वेळही मिळत नाही. सर्व्हरवर क्रोनी हा वेळ देणारा प्रोग्राम चालवा, प्रीसीडमध्ये त्याचाच पत्ता द्या आणि सेल डझनाने आणून ठेवा.

मराठी टायपिंगसाठी फॉन्ट्स-देवा आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजेस प्रीसीडमध्येच टाका. बाकीची सजावट लेट कमांडमध्ये कोंबू नका. तिथे एक आज्ञा फसली तर इन्स्टॉलर लाल पडद्यावर थांबतो. तिथे सर्व्हरला कळवणं आणि दूरून लॉगिनसाठी एसएसएच की टाकणं एवढंच काम ठेवा, उरलेलं अन्सिबलवर, म्हणजे सगळ्या मशीनची सेटिंग एका जागेवरून करणाऱ्या साधनावर, सोडा.

डेबियनची नवी पॉइंट रिलीज (त्याच आवृत्तीची दुरुस्त्यांसह नवी प्रत) आली की सर्व्हरवरचा नेटबूटचा कर्नल आणि त्याच्यासोबत लोड होणारी इनिटआरडी फाइल दोन्ही लगेच बदला. जुन्या कर्नलला मिररवर जुळणारी मॉड्यूल्स सापडली नाहीत की इन्स्टॉल तिथेच अडतं. बदलल्यावर एका मशीनवर पूर्ण इन्स्टॉल करून बघा, मगच बाकीच्यांच्या मॅक पत्त्यांच्या स्क्रिप्ट ठेवा.