एंक्रुझादु घ्यायची की आंतांव वाझ?

दोन्ही पोर्तुगालच्या, दोन्ही ओकच्या पिंपात राहिलेल्या व्हाइट वाइन, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या आणि किंमतही साधारण तेवढीच, त्यामुळे नवीन माणूस हमखास अडकतो. लिस्बनला राहायला आलो तेव्हा मीही अडकलो होतो. दोन-तीन वर्षं आलटून पालटून दोन्ही आणल्या, आता फ्रिजमध्ये बहुतेक वेळा एकच असते. कुठली ते सांगतोच, पण आधी दुसरीबद्दल बोलू, कारण ती वाईट अजिबात नाही.

आंतांव वाझ. नाव ऐकून म्हापशाचा कोणी ओळखीचा आठवेल, पण हे द्राक्ष आहे, दक्षिणेकडच्या आलेंतेजुतलं, त्यातही खास विदिगैराचं. हो तेच, वास्को द गामा १५१९ मध्ये जिथला काउंट झाला ते. १५२४ मध्ये कोचीला मेला, तरी हाडं पुढे विदिगैरालाच नेली. आम्ही गेलो ते नेमके जुलैत, दुपारी गाडीचं स्टिअरिंग धरवत नव्हतं, तिकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हात हे द्राक्ष तग धरतं यालाच मानलं पाहिजे. वाइन भरदार, अननस आणि संत्र्याच्या सालीचा वास, ओकमुळे वर व्हॅनिला आणि भाजलेला पाव. पहिला घोट खरंच भारी लागतो, पाहुणे तर पहिल्या घोटालाच पडतात.

माझी तक्रार शेवटच्या घोटाबद्दल आहे. आम्ही गप्पा मारत पिणारी माणसं. फ्रिजमधून काढली की ओकवाल्या वाइनला वासच येत नाही इतकी ती गार असते, म्हणून पंधरा मिनिटं बाहेर ठेवायची, मग मस्त लागते, आणि मग ऑगस्टच्या रात्री गॅलरीत बघता बघता ग्लास कोमट. तिथे आंतांव वाझची पंचाईत होते, आंबटपणा मुळातच बेताचा, तो मागे पडतो आणि जिभेवर उरतं ते अल्कोहोल आणि व्हॅनिला, म्हणजे कोमट कस्टर्डच. एकदा भांडी आवरताना बघितलं तर चारही ग्लासांत तळाशी बोटभर वाइन तशीच. वाईट आहे असं कोणी म्हटलं नव्हतं, नुसती नकोशी झाली होती. पुढच्या वेळी परत तेच, मग ते माझ्या डोक्यातून जाईचना. अरिंतु नावाचं जास्त आंबट द्राक्ष मिसळलेलं असेल तर जरा बरी राहते, लेबल बघून घ्या.

एंक्रुझादु हेही द्राक्षाचंच नाव, ही वाइन दांवची, विझेउ शहराच्या आसपासची. 'दांव'चा शेवट नाकातून म्हणायचा, मला अजून नीट जमत नाही. १९०८ पासून आखून दिलेला हा वाइनचा प्रदेश, जमीन ग्रॅनाइटची आणि भोवती डोंगर, त्यातला सेर्रा दा एश्त्रेला तर जवळजवळ २००० मीटरचा. डोंगरांमुळे समुद्राकडचा पाऊस बराचसा अडतो, आतल्या भागातली झळही अडते, आणि सप्टेंबरात रात्री मला स्वेटर घालावा लागला. या गार रात्रींमुळेच द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. पहिल्या घोटाला ही अबोल, लिंबू, ओला दगड, किंचित राळेसारखं काहीतरी. ओक असतो पण मागे उभा, बायकोने तर विचारलं की यात ओक आहे कुठे. पण कोमट होत जाते तशी बोलायला लागते, आणि तळातली बोटभर आधीच्यापेक्षा चांगली लागते, निदान मला तरी. तिकडचं मेंढीच्या दुधाचं चीज मिळालं तर सोबत घ्याच, काटेरी झाडाच्या फुलांनी दूध फाडून करतात, आतून इतकं मऊ की चमच्याने खायचं.

नखरे हिचेही आहेत. अगदी ताजी बाटली कधी कधी नुसती लाकडासारखी लागते, दोन-तीन वर्षं ठेवून द्यावी लागते, आणि आमच्या फ्लॅटमध्ये जागा काय, पलंगाखाली. शिवाय 'रेझेर्व्हा' लिहिलं म्हणजे ओक असेलच असं नाही, ही गोम दोन्हीकडे आहे, मागच्या लेबलवर 'बारिका', म्हणजे पिंप, हा शब्द शोधा.

तुमच्याकडे बाटली वीस मिनिटांत संपत असेल, किंवा ताटात भाजलेलं पोर्क असेल, तर आंतांव वाझ खुशाल घ्या, मीही आणतो अजून, डिसेंबरात. नारळाच्या रसातलं माशाचं कालवण आणि गप्पा लांबणार असतील तर पलंगाखाली वाकतो.